फोनवरच्या क्लिप्सची डॉक्युमेंटरी कशी करायची? माया लोकांच्या युकातानमधून एक प्रयोग

ट्रिपवरून परत आलं की फोनमध्ये दोन-तीनशे क्लिप्स असतात. त्यातल्या चार स्टेटसला जातात, बाकीच्या 'स्टोरेज फुल'चा मेसेज येईपर्यंत पडून राहतात. कॅमेरा चांगला असूनही त्यांची फिल्म का होत नाही? माझ्या मते दोन गोष्टी कमी पडतात: एक प्रश्न आणि नीट ऐकू येणारा आवाज.

मी सध्या कामानिमित्त ह्यूस्टनला असतो. गेल्या हिवाळ्यात आई-बाबा आणि धाकटी बहीण माझ्याकडे आले होते. तेव्हा आम्ही पाच दिवस मेक्सिकोच्या युकातान भागात माया लोकांची जुनी शहरं बघायला गेलो. दोन फोन, एक पॉवर बँक आणि एक स्वस्तातला कॉलर माइक, एवढ्याच सामानावर आमची १४ मिनिटांची फिल्म झाली.

आधी प्रश्न शोधा

पिरॅमिडचे सुंदर शॉट यूट्यूबवर हजारो आहेत. तुमच्या घरच्यांना तिथे काय प्रश्न पडला, हे मात्र कुठेच मिळणार नाही. आमच्याकडे तो प्रश्न आईने विचारला. तिचं माहेर साताऱ्याच्या माण तालुक्यातलं, म्हणजे दुष्काळी भाग. रस्त्यात एकही नदी दिसेना, तेव्हा ती म्हणाली, "एवढी माणसं राहायची, तर पाणी कुठून आणायची?"

प्रश्न अगदी नेमका होता. उत्तर युकातानची जमीन चुनखडीची आहे. पाऊस पडतो आणि जमिनीत मुरतो, त्यामुळे वर नद्या जवळपास नाहीतच. जिथे चुनखडीचं छत कोसळतं तिथे खालचं पाणी उघडं पडतं. अशा नैसर्गिक विहिरीला सेनोते म्हणतात. 'चिचेन इत्सा' या नावाचा अर्थच 'इत्सा लोकांच्या विहिरीच्या तोंडाशी' असा आहे. तिथला पवित्र सेनोते साधारण ६० मीटर रुंद आहे.

उश्मालची गोष्ट वेगळी. तिथे सेनोते नाहीत आणि भूजल फार खोल आहे. म्हणून लोकांनी जमिनीत बाटलीच्या आकाराची टाकी खणली, आतून चुन्याचा गिलावा केला आणि भोवतालची फरसबंदी तोंडाकडे उतरती ठेवली. ही चुल्तुन. आपल्या भाषेत सांगायचं तर रेन वॉटर हार्वेस्टिंग. इमारतींवर लांब नाकाचे मुखवटे दिसतात, ते अनेक अभ्यासकांच्या मते पावसाच्या देवाचे, चाकचे. एका प्रश्नामुळे दोन शहरं एकाच धाग्यात आली आणि फिल्मला सुरुवात, मध्य, शेवट मिळाला.

सेटिंग्ज: मोठा आकडा म्हणजे चांगला असं नाही

आयफोनच्या सेटिंग्जमध्येच हिशोब दिलेला असतो. एचईव्हीसी फॉरमॅटमध्ये ४के, ३० एफपीएसचं एक मिनिट साधारण १७० एमबी घेतं, तर ४के, ६० एफपीएसचं साधारण ४०० एमबी. रोज ४० मिनिटं शूट केलं तर पाच दिवसांत पहिल्याला ३४ जीबी लागतात, दुसऱ्याला ८० जीबी. शिवाय ६० वर फोन उन्हात लवकर तापतो. मी ३० वर ठेवलं.

याला अजून एक कारण आहे. मेक्सिकोत वीज ६० हर्ट्झची आहे, आपल्याकडे ५०. दिवे त्याच्या दुप्पट लयीत लुकलुकतात. म्हणून तिथे ३० एफपीएस जुळतं आणि भारतात घरातल्या दिव्यांत शूट करताना २५ एफपीएस ठेवलं तर पट्टे कमी दिसतात.

दुपारच्या उन्हात पांढरा दगड आणि सावलीतला चेहरा एकत्र आले की फोन सारखा उजेड बदलत राहतो. चेहऱ्यावर बोट दाबून धरा आणि एक्स्पोजर लॉक करा. प्रत्येक शॉट किमान दहा सेकंद, हात स्थिर ठेवून घ्या.

आवाज: फिल्मचा अर्धा जीव

वारा आणि गर्दी यात फोनचा माइक बोलणाऱ्यापासून तीन-चार मीटरवर गेला की शब्द हरवतात. यावर जुगाड सोपा आहे. दुसऱ्या फोनवर व्हॉइस रेकॉर्डर चालू करा, त्याला कॉलर माइक लावा आणि तो फोन बोलणाऱ्याच्या खिशात ठेवा. सुरुवातीला एक टाळी वाजवा. एडिटिंगमध्ये दोन्ही फाइल्समधला टाळीचा उंचवटा जुळवला की आवाज आणि चित्र सिंक होतं.

चिचेन इत्साच्या मोठ्या पिरॅमिडसमोर तर टाळीच कंटेंट आहे! पायऱ्यांसमोर टाळी वाजवली की पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा प्रतिध्वनी येतो. प्रत्येक पायरी आवाज थोड्या थोड्या उशिराने परत पाठवते आणि वरच्या पायऱ्यांकडून येताना हे अंतर वाढत जातं, म्हणून सूर उंचावरून खाली घसरतो. फोनच्या रेकॉर्डरमध्ये नॉइज रिडक्शन असेल तर इथे ते बंद करा, नाहीतर हा बारीक आवाज 'नॉइज' समजून पुसला जाऊ शकतो.

नियम आणि माणसं

या जागा मेक्सिकोच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. ड्रोन आणि ट्रायपॉडसाठी आधी परवानगी लागते. चिचेन इत्साच्या पिरॅमिडवर चढायला बंदी आहे. माणसांना शूट करण्यापूर्वी "पुएदो ग्राबार?" म्हणजे "रेकॉर्ड करू का?" असं विचारा.

आणि कृपया नॅरेशनमध्ये 'गायब झालेली रहस्यमय संस्कृती' म्हणू नका. नवव्या शतकाच्या आसपास दक्षिणेकडची बरीच शहरं ओस पडली. त्यामागच्या कारणांत दीर्घ दुष्काळही होता असं तलावांतला गाळ आणि गुहांतले चुनखडीचे थर सांगतात. पण लोक संपले नाहीत. युकातानची माया भाषा मेक्सिकोत आजही साडेसात लाखांहून जास्त लोक बोलतात. आमचा गाइड त्यांच्यापैकीच एक. पाण्याला मायामध्ये 'हा' म्हणतात, हे त्याने आईला शिकवलं.

ते ऐकून आई बोलायला लागली. १९७२ च्या दुष्काळात तिची आई कुठून हंडे आणायची, रात्री आडाच्या काठाशी बसून झरा भरायची वाट कशी बघायची, सगळं. आम्ही भावंडांनी हे कधी ऐकलंच नव्हतं. कॉलर माइक चालू होता. ती सहा मिनिटं हेच आमच्या फिल्मचं केंद्र.

परत आल्यावर

- रोज रात्री क्लिप्स लॅपटॉप किंवा पेनड्राइव्हवर कॉपी करा, एक प्रत क्लाउडवर ठेवा. 'स्टोरेज सेव्हर' पर्याय बंद असू द्या, तो व्हिडिओ लहान करतो.
- व्हॉट्सअॅपवर फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर क्वालिटी जाते.
- आधी बोलण्याचा आवाज लावून घ्या, चित्रं नंतर त्यावर बसवा. दाविंची रिझॉल्व्हच्या फ्री व्हर्जनमध्ये हे सगळं होतं.
- सबटायटल्स टाका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि परदेशात वाढणाऱ्या भाचरांना, दोघांनाही उपयोग होतो.

यासाठी मेक्सिकोलाच जायला हवं असं नाही. पुढच्या वेळी घरच्यांबरोबर एखाद्या किल्ल्यावर किंवा जुन्या बारवेवर जाल तेव्हा माइक आधी आई-बाबांच्या कॉलरला लावा आणि त्यांना विचारा, "तुमच्या लहानपणी हे कसं होतं?" मग मध्ये न बोलता रेकॉर्डिंग चालू ठेवा.