पालकांची शाळेंतील जागा

मूल शाळेंत घातलें, पुस्तकें आणून दिलीं, कीं आपलें कर्तव्य संपलें, असें मानणारीं घरें आपल्या सुशिक्षित समाजांत थोडीं नाहींत. मुलगा घरीं आला कीं वडील गुण विचारतात. फार तर आजोबा पाढे म्हणवून घेतात. शाळेंत शिक्षक पुरेसे आहेत काय, मुलींसाठीं निराळें स्वच्छतागृह आहे काय, हे प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं.

एके काळीं हें क्षम्य होतें. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठीं नामदार गोखल्यांनीं १९११ सालीं आणलेलें विधेयक नामंजूर झालें. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं कोल्हापूर संस्थानांत असें शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, तेव्हां मुलाला शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दंड ठेवला होता. मूल शाळेंत पाठविणें एवढीच त्या काळीं पालकाकडून अपेक्षा. आज कायद्यानें त्याला याहून मोठी जागा दिली आहे.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्याच्या २१ व्या कलमान्वयें, विनाअनुदानित शाळा वगळतां, शाळेंत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिचे निदान तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. अनुदानित खाजगी शाळेंत ही समिती केवळ सल्ला देते. परंतु जिल्हा परिषदेच्या वा नगरपालिकेच्या शाळेंत कामकाजावर देखरेख ठेवणें, विकास आराखडा तयार करणें आणि अनुदानाचा खर्च पाहणें हें तिचें कामच आहे.

सभेंत काय विचारावें, हेंही अधिनियमाच्या परिशिष्टांतच सांपडतें. पहिली ते पाचवीसाठीं वर्षांत निदान २०० दिवस व ८०० तास शिकवणी. सहावी ते आठवीसाठीं २२० दिवस व १००० तास. प्राथमिक वर्गांचा पट ६० पर्यंत असल्यास दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन. शिवाय पालकांशीं नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी व प्रगति सांगणें हें २४ व्या कलमान्वयें शिक्षकाचें कर्तव्य आहे. तेव्हां विचारणाऱ्या पालकानें संकोच बाळगण्याचें कारण नाहीं.

मग अडते कोठें? सभासद पालक मोलमजुरी करणारे असले, तर सभेला जाणें म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडविणें. कागदाची भाषा त्यांना अपरिचित. सही घेतली जाते आणि सभा संपते. ज्यांना ती भाषा वाचतां येते त्या आपण सुशिक्षितांनीं, ‘आमचीं मुलें त्या शाळेंत नाहींत’ म्हणून हात झटकलेले असतात.

परंतु आपल्या घरीं धुणें-भांडीं करणाऱ्या बाईंचीं मुलें त्याच शाळेंत जात असतील. सभेच्या दिवशीं त्यांना पगार न कापतां सुट्टी द्यावी, सभेची सूचना वाचून दाखवावी, इतिवृत्तांत काय लिहिलें आहे तें समजावून द्यावें. हें काम घरांतील शिकलेली सून किंवा सेवानिवृत्त आजोबा सहज करूं शकतील. मात्र त्यांच्या वतीनें बोलावयास आपण जाऊं नये, असें आम्हांस वाटतें. ती जागा कायद्यानें त्यांना दिली आहे. तेथें निर्भयपणें बसतां येईल इतकें बळ त्यांना मिळावें, एवढेंच पाहावें.