चेंडू कोणाच्या घरी?

लहानपणी कोल्हापुरात आमच्या गल्लीचा एक फुटबॉल संघ होता. चेंडू मात्र एका सावकारांच्या वाड्यात असे. एके दिवशी सावकारांची नि पोरांची कुरबूर झाली, चेंडू वाड्यातच राहिला आणि संघ आटोपला! शेजारच्या तालमीचा चेंडू वर्गणीचा होता. त्यांचा खेळ चालूच राहिला. मी कट्ट्यावर बसून तो मुकाट्याने पाहत असे.

पुढे नोकरीनिमित्त कलकत्त्यास गेलो. तिथल्या जुन्या क्लबांच्या हकीगती ऐकताना मला तो वाडा पुन्हा पुन्हा आठवे.

नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी हे तिकडच्या देशी फुटबॉलचे आद्य पुरुष. त्यांच्या वेलिंग्टन क्लबात मणी दास या कुंभाराच्या मुलाला घ्यायला काही सभासदांनी नाके मुरडली. नगेंद्रप्रसादांनी क्लबच मोडला नि शोभाबाजार क्लब उभा केला. त्याने १८९२ साली ट्रेड्स कपात ईस्ट सरे ही गोरी पलटण हरवली. पण त्याची भिस्त एका माणसावर नि एका राजघराण्याच्या आश्रयावर. पुढे तो मागे पडला.

मोहनबागानही १८८९ साली एका बड्या घरच्या बागेतच जन्मला. पण तो बागेत राहिला नाही, मैदानावर आला. २९ जुलै १९११ रोजी त्याने ईस्ट यॉर्कशायर पलटणीला २-१ असे नमवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. अकरांपैकी दहाजण अनवाणी! त्या संध्याकाळी तो क्लब साऱ्या शहराचा झाला.

१९२० साली जोडाबागान क्लबाने मोहनबागानविरुद्धच्या सामन्यात शैलेश बोस यांना वगळले. उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी रागावून बाहेर पडले आणि चार दिवसांत ईस्ट बेंगॉल क्लब स्थापन झाला. १९४७ च्या फाळणीनंतर घरदार गमावून आलेल्या निर्वासितांना त्या नावात आपला गाव सापडला. जोडाबागानची आठवण आता निघते ती बहुधा या भांडणापुरतीच.

पैसा हवा, खेळाडू हवेत, हे खरेच. पण हार झाल्यावर ज्याच्यासाठी शंभर घरांत जेवण गोड लागत नाही, तोच क्लब टिकतो.

इतकी वर्षे मी सावकारांना बोल लावीत आलो. आता वाटते, आम्ही पोरांनी तरी रुपया-रुपया कुठे काढला होता?