अक्षता आणि ४.७ जीबी

कॅमेऱ्यातल्या व्हिडिओ फाइली डिस्कवर नुसत्या कॉपी केल्या, तर संगणकावर लग्न व्यवस्थित दिसते. टीव्हीखालचा साधा डीव्हीडी प्लेयर मात्र तीच डिस्क बाहेर ढकलतो. त्याला चित्र एमपेग-२ पद्धतीने दाबलेले हवे असते. भारतातल्या पाल पद्धतीत चौकट ७२० बाय ५७६ बिंदूंची आणि सेकंदाला २५ चित्रे. आवाज डॉल्बी डिजिटल किंवा पीसीएम. चित्र आणि आवाज जास्तीत जास्त एक जीबीच्या व्हीओबी फाइलींत बसतात, कुठले दृश्य कुठे सुरू होते ते आयएफओ फाइली सांगतात, आणि हे सगळे ‘व्हिडिओ_टीएस’ नावाच्याच फोल्डरात असावे लागते. त्या नावातही तडजोड नाही.

शूटिंग मिनीडीव्ही कॅसेटवर असेल, तर ती फायरवायरने संगणकात घेताना घाई चालत नाही. तासाच्या कॅसेटला तासच लागतो आणि हार्ड डिस्कवरचे सुमारे १३ जीबी भरतात. काटछाट, संगीत, नावांच्या पाट्या हे मग एडिटिंगचे नेहमीचे काम.

खरी ओढाताण जागेची. एकेरी थराच्या डिस्कवर ४.७ जीबी मावतात. संगणक १०२४च्या पटीत मोजतो म्हणून तिथे ४.३८ दिसते, आणि दुकानदाराने हलका माल दिला असा संशय गिऱ्हाइकाला येतो. या ४.७ जीबीत दोन तास बसवले तर चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला साधारण ५.२ मेगाबिट येतात, आणि चित्र चांगले राहते. तीन तास कोंबले की वाटा साडेतीनवर उतरतो. ‘सगळे एकाच डिस्कमध्ये बसवा’ ही फर्माईश मात्र ठरलेली असते.

त्याची किंमत मंगलाष्टकांत दिसते. एमपेग-२ बहुतेक चित्रे पूर्ण साठवत नाही. आधीच्या चित्रातला कुठला चौकोन कुठे सरकला एवढेच नोंदवून जागा वाचवते. होमापुढे बसलेले भटजी तिला स्वस्तात पडतात. पण शेवटचे ‘सावधान’ होते, चारी बाजूंनी अक्षता उडतात आणि शेकडो दाणे आपापल्या दिशेने पडू लागतात. इथे आधीच्या चित्रावरून काही ताडता येत नाही. बिट अपुरे पडले की नवरीच्या शालूवर, मुंडावळ्यांभोवती ठोकळे उमटतात. ज्या क्षणासाठी अख्खे शूटिंग केले, नेमका तोच विस्कटतो. यावर उपाय दोन फेऱ्यांच्या एन्कोडिंगचा: पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर अवघड जागा हेरते, दुसरीत तिथे जास्त बिट देते. नियमाने चित्राची कमाल मर्यादा ९.८ मेगाबिट आहे, पण राइट केलेली डिस्क जुन्या प्लेयरवर अडखळू नये म्हणून जाणकार आठाच्या आसपास थांबतात. गुलाबपाकळ्या उधळणारा मेन्यू हीच जागा खातो. तो न करण्यातच शहाणपण. तीन तासांच्या लग्नाला दोन डिस्क द्याव्यात, हे सर्वांत सरळ.

राइट करण्याचे काम त्यामानाने सोपे. १६ एक्स छापलेली डिस्कही ४ किंवा ८ एक्सवर चालवणे बरे. ४ एक्सला भरलेल्या डिस्कसाठी सुमारे पंधरा मिनिटे लागतात. लाल लेझर रंगद्रव्याच्या थरावर आतून बाहेर खुणा करत जातो. डिस्क उजेडात तिरकी धरली की जांभळट पृष्ठावर लिहिलेला भाग वेगळ्या छटेच्या कड्यासारखा दिसतो, आणि किती जागा भरली ते नुसत्या नजरेनेही कळते. शेवटी ‘फायनलाइज’ करावेच लागते. ते राहिले तर डिस्क वेगळ्या प्लेयरवर सहसा लागत नाही.

डिस्क तपासायची तीही प्लेयरवरच. चित्राच्या सम आणि विषम ओळींच्या क्रमात उलटसुलट झाली असेल, तर संगणकावर गुळगुळीत दिसणारी वरात टीव्हीवर थरथरते. वर कागदी स्टिकर चिकटवणे टाळावे: तोल बिघडून फिरणारी डिस्क हादरते. डिस्कसाठीचा मार्कर पुरतो.

अमेरिकेतल्या नातेवाइकांची प्रत वेगळी करावी लागते. तिकडे एनटीएससी: ७२० बाय ४८० बिंदू, सेकंदाला २९.९७ चित्रे. तिथले बरेच प्लेयर पाल डिस्क घेत नाहीत. भारतातले बहुतेक प्लेयर दोन्ही पद्धती चालवतात, त्यामुळे तिकडून आलेली बारशाची डिस्क इथे सहसा विनातक्रार लागते.