देहाचा आरसा

भीतीनें हातपाय गार पडतात, छातींत धडधडूं लागतें, तळहातांस घाम फुटतो. मराठींतील हे वाक्प्रचार शरीरशास्त्राच्या दृष्टीनेंही अक्षरशः खरे आहेत. मन चिंताग्रस्त झालें म्हणजे बोटांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून बोटें गार पडतात. आणि तळहात घामेजल्यामुळें त्वचेंतून वीज अधिक सुलभतेनें वाहते. असे फरक यंत्रानें मोजून ते ज्याचे त्यालाच तत्क्षणीं दाखविण्याच्या पद्धतीस ‘बायोफीडबॅक’ असें नांव आहे.

रुग्णाच्या बोटास तापमापक, अथवा कपाळावर स्नायूंचे विद्युत्‌स्पंद टिपणाऱ्या लहान चकत्या लावतात. स्नायु ताठले कीं यंत्राचा स्वर चढतो, सैल पडले कीं उतरतो. गवयाचा शिष्य तंबोऱ्याशीं आपला आवाज ताडून पाहतो, त्याप्रमाणें रुग्ण खांदे सैल सोडून, श्वास मंद करून पाहतो. मिनिटास सुमारें ६ श्वास या गतीनें श्वसन केल्यास हृदयाचे ठोके श्वासाच्या लयीबरोबर स्पष्टपणें कमीअधिक वेगानें पडूं लागतात. तेंही त्यास पडद्यावर दिसतें.

या विद्येचा इतिहास बोधप्रद आहे. औषधानें स्नायु निश्चल केलेल्या उंदरांसही हृदयाची गति बदलावयास शिकवितां येतें, असें अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नील मिलर यांनीं १९६९ सालीं प्रसिद्ध केलें. त्याच वर्षीं कॅलिफोर्नियांत या विषयाच्या अभ्यासकांची संस्थाही निघाली. पुढें तेच प्रयोग पुन्हां करतां तसें फळ मिळेना, तेव्हां खुद्द मिलर यांनींच तें उघडपणें मान्य केलें. मनुष्यांवरील अभ्यास मात्र चालू राहिला. अर्धशिशी, ताणामुळें येणारी डोकेदुखी व चिंता यांत या पद्धतीचा उपयोग होतो असें आढळून आलें.

मिलर यांचा हा प्रांजळपणा रुग्णाच्या आप्तांनींही अंगीं बाणवावा. यंत्र रोग बरा करीत नाहीं. तें आरसा दाखवितें. तीव्र विषण्णता, भ्रम किंवा आत्मघाताचे विचार यांवर तो मुख्य उपचार नव्हे. डॉक्टरांस न विचारतां औषध सोडून जो यंत्रापुढें बसतो, तो स्वतःचा घात करून घेतो. औषध व समुपदेशन यांच्या जोडीला, जाणत्याच्या देखरेखीखालीं हा अभ्यास करावा.

आरशांत पाहून कुंकू लावावयास शिकलेली मुलगी पुढें आरशावांचूनही तें नेमक्या जागीं लावते. यंत्र काढून घेतल्यावर, घरीं, ऐन चिंतेच्या वेळीं रुग्णास आपला श्वास आवरतां आला, म्हणजे शिक्षण पुरें झालें असें समजावें.