डोहाची खातरजमा

वैशाखात मलकापुराहून शेगावकडे जाताना काळी शेते उन्हाने भेगाळलेली आणि ओढ्यानाल्यांच्या पात्रांत वाळू व गोटे तेवढे उरलेले पाहिले, म्हणजे आपण वाळवंटात नसून वऱ्हाडात आहोत हे मनाला बजावून सांगावे लागते; आणि अशा मुलखात, सातपुड्याच्या पायथ्याशी काळ्या कातळाच्या कुशीत एखादा हिरवागार डोह अवचित दृष्टीस पडला, की कपडे काठावर टाकून कड्यावरून उडी घ्यावी अशी ऊर्मी तरुण मनात उठावी, यात नवल नाही. ती ऊर्मी निंद्य नव्हे. परंतु बुलढाणा आणि अकोला जिल्ह्यांच्या सीमेवर, वान नदीकाठच्या वारी हनुमान येथील मामा-भाचा डोहासारख्या ठिकाणांहून कोणी बुडाल्याच्या वार्ता वर्तमानपत्रांत येतात, तेव्हा त्यांच्या मुळाशी धाडसापेक्षा काही रूढ समजुतीच अधिक असाव्यात असे वाटते. त्या समजुतींची ही छाननी.

गैरसमज : गेल्या वर्षी येथेच उडी घेतली होती, डोह ओळखीचा आहे.

वस्तुस्थिती : डोह दरवर्षी नवा असतो. पावसाळ्यातला लोंढा वाळू, धोंडे आणि उन्मळलेली झाडे वाहून आणतो, आणि गतवर्षी जेथे पंधरा फूट पाणी होते तेथे यंदा कमरेइतकेच उरलेले असू शकते. शिवाय आपल्याकडचा कातळ थरांवर थर रचलेला असल्यामुळे काठाचा दगड पाण्याखाली पायरीसारखा पुढे आलेला असतो, आणि तो वरून दिसत नाही. म्हणून दोराला दगड बांधून, हातहात अंतरावर गाठी मारून, उडी जेथे पडणार तेथली व भोवतालची खोली मोजावी. नंतर चांगल्या पोहणाऱ्याने काठाने हळूच उतरून तळ पायांनी चाचपावा. आणि पाण्यातून बाहेर येण्याची वाट आधी ठरवून मगच कड्यावर चढावे.

गैरसमज : पाणी काळेभोर दिसते, म्हणजे ते खोल असलेच पाहिजे.

वस्तुस्थिती : तो काळेपणा पुष्कळदा तळच्या कातळाचा, शेवाळाचा अथवा कड्याच्या सावलीचा असतो. नितळ पाण्यात तर वरून पाहता तळ खऱ्या खोलीच्या सुमारे पाऊण अंतरावर भासतो. आठ फुटांचे पाणी सहा फुटांचे वाटते, आणि पोहता न येणारा मनुष्य त्याच भरवशावर पाऊल टाकतो. गढूळ पाण्यात काहीच दिसत नाही. सारांश, या खटल्यात डोळ्याची साक्ष ग्राह्य नाही, दोराची आहे.

गैरसमज : पाणी मऊ असते, उंचीने काय बिघडते?

वस्तुस्थिती : १० फुटांवरून पडणारा देह पाण्याशी ताशी सुमारे २८ किलोमीटर वेगाने भिडतो, २० फुटांवरून सुमारे ४०, आणि १० मीटरवरून सुमारे ५०. ऑलिम्पिकच्या १० मीटर उंच मंचाखाली पाणी सुमारे ५ मीटर खोल ठेवतात. आणि ज्या जागतिक स्पर्धांत पुरुष २७ व स्त्रिया २० मीटरवरून झेप घेतात, तेथे ते कसलेले लोकही पायांवरच पाण्यात शिरतात आणि खाली पाणबुडे सज्ज असतात. तेव्हा अनोळखी डोहात सूर मारणे, म्हणजे डोके पुढे करून झेपावणे, सर्वथा वर्ज्य मानावे. मानेचा मणका एकदा मोडला की आयुष्यभराचे पंगुत्व येऊ शकते. उंची थोडी, पाय खाली, हात अंगालगत, हाच दस्तूर.

गैरसमज : धबधब्याखालचा फेस म्हणजे गादीच.

वस्तुस्थिती : फेसात हवा असते, म्हणून आघात थोडा कमी होतो, हे खरे, पण त्याच हवेमुळे ते पाणी देहाला पुरेसे तोलून धरत नाही. मनुष्य अधिक खोल जातो, आणि कोसळणारी धार त्याला पुनःपुन्हा आपल्याखाली ओढून घेते. धारेपासून दूर राहावे.

गैरसमज : आभाळ निरभ्र आहे, पूर कशाला येईल?

वस्तुस्थिती : पूर आपल्या माथ्यावरच्या आभाळातून नव्हे, तर वरच्या डोंगरातून येतो. २०२३ च्या जुलैत संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांनी अतिवृष्टीचा कहर अनुभवला आहे. शिवाय वानेवरील हनुमान सागर धरणातून विसर्ग वाढला, तर खालच्या पात्राला पावसाची गरजच उरत नाही. नितळ पाणी एकाएकी गढूळले, पालापाचोळा वाहू लागला वा वरच्या अंगाने घरघर ऐकू आली, तर कपडे, चपला आणि मोबाईल यांचा मोह सोडून उंच जागा गाठावी. पावसाळ्यात उडीचा बेतच करू नये.

गैरसमज : लोणारचे पाणी खारे आहे; तेथे कोणी बुडत नाही.

वस्तुस्थिती : मृतसमुद्राच्या पाण्यात जवळजवळ एक तृतीयांश क्षार असतात, लोणार सरोवराचे क्षार त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. हे पाणी अल्कधर्मी आहे, डोळ्यांना झोंबते, आणि काठाशी गाळ आहे. शिवाय २००० पासून हा परिसर अभयारण्य आहे आणि २०२० मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आहे. तेथे उडीची तजवीज करणे हा अविचारच. इतरत्रही वनखात्याची हद्द कोठे लागते आणि मनाई हुकूम आहे काय, याची चौकशी आधी करावी.

गैरसमज : पट्टीचा पोहणारा सोबत असला की पुरे.

वस्तुस्थिती : बुडणारा मनुष्य बहुधा ओरडत नाही, तो निमूटपणे खाली जातो, आणि वाचवू पाहणाऱ्याला मिठी मारून सोबत नेतो. म्हणून एक जण नेहमी कोरडा, काठावर, हाती दोर घेऊन बसलेला असावा. बाहेर काढलेल्याचे पोट दाबणे अथवा त्याला कुंभाराच्या चाकावर फिरवणे हे जुने उपाय निरुपयोगी होत. श्वास थांबला असल्यास तोंडाने श्वास देणे, छातीवर दाब देणे आणि १०८ क्रमांकावर वर्दी देणे, हेच खरे उपाय. मद्य घेतलेल्याला तर काठावरही बसू देऊ नये.

आमच्या लहानपणी शेतातल्या विहिरीवर पाठीला सुका भोपळा बांधून आम्ही पोहायला शिकलो, तेव्हा उन्हाळ्याच्या आरंभी पहिल्या दिवशी आजोबा एकटेच दोर धरून उतरत, तळ चाचपत, एखादी बाभळीची फांदी वा फुटकी बादली वर देत, आणि मग खालूनच हाक घालीत, ‘आता या रे!’ एका साली मात्र ते वर आले, धोतर पिळले आणि म्हणाले, ‘यंदा नाही.’ आम्ही मुकाट्याने घरी आलो. त्यांना भित्रे म्हणण्याचे मात्र कोणाच्या मनातही आले नाही.