पेंटबॉल : सेकंदाला किती गोळ्या?

पाथर्डीहून निघालेली सहल पुणेमार्गे लोणावळ्याला पोहोचली, की तिथे पेंटबॉल खेळता येतो. माऱ्याची गती मार्करच्या, म्हणजे रंगाच्या गोळ्या झाडणाऱ्या बंदुकीच्या, आतल्या यंत्रणेवर ठरते.

● हातबोल्ट आणि पंप : प्रत्येक गोळीआधी बोल्ट किंवा पंप हाताने मागेपुढे ओढायचा. १९८१चा अमेरिकेतला पहिला सामना हातबोल्टच्याच मार्करांवर झाला.

● अर्धस्वयंचलित : वायूचा दाबच हातोडा मागे ढकलतो, एकदा ट्रिगर दाबला की एक गोळी.

● इलेक्ट्रॉनिक : ट्रिगर नुसता स्विच, झडप बॅटरीवर चालते. सेकंदाला १०हून अधिक गोळ्या शक्य.

● अडथळा : इतक्या गतीला, ज्यातून गोळ्या नुसत्या वजनाने खाली पडतात तो हॉपर (गोळ्यांचा डबा) मागे पडतो, मग मोटरचा लागतो.

गती कितीही असो, गोळीचा वेग सहसा सेकंदाला ३०० फुटांच्या आत ठेवतात. मास्क सक्तीचा!