दोन मोटारी, एकच नियम

मेहकर किंवा सिंदखेड राजाकडे गेलात की समृद्धी महामार्ग नजरेस पडतो. नागपूर ते मुंबई असा ७०१ किलोमीटर लांबीचा हा रस्ता आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून जातो. मोटारींना तेथे ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. समजा, या रस्त्यावर दोन स्पोर्ट्स मोटारी शेजारी शेजारी उभ्या केल्या: एक इंग्लंडची, दुसरी पुण्याकडची. सरस कोणती?

पहिली जग्वार ई-टाइप. ती मार्च १९६१ मध्ये जिनिव्हा येथे प्रथम दाखवण्यात आली. तिचा आकार आखणारे माल्कम सेयर पूर्वी विमानाच्या कारखान्यात काम करीत. हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून त्यांनी तिच्या वक्ररेषा गणिताने ठरवल्या. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातही ही मोटार जपून ठेवलेली आहे.

दुसरी डीसी अवंती. दिलीप छाब्रिया यांच्या कंपनीची ही मोटार २०१२ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात आली. पुढे ती पुणे जिल्ह्यात तयार होऊ लागली. आता तिचे उत्पादन बंद आहे. म्हणून हौशी लोक तीही जपतात.

आता आकडे पाहा. जग्वारच्या इंजिनाचे आकारमान ३,७८१ घन सेंटीमीटर आणि शक्ती, त्या काळच्या मोजणीप्रमाणे, २६५ अश्वशक्ती. अवंतीचे आकारमान १,९९८ घन सेंटीमीटर, पण शक्ती २५० अश्वशक्ती! जवळजवळ निम्म्या इंजिनात एवढी शक्ती आली कोठून?

याचे उत्तर आहे टर्बोचार्जर. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरते. हवा जास्त म्हणजे ऑक्सिजन जास्त, म्हणून जास्त इंधन जळते. जो धूर पूर्वी नुसता वाया जाई, तोच कामाला जुंपला गेला.

शक्तीचे झाले, पण मोटार थांबवायची कशी? येथे पन्नास वर्षांचा फरक गळून पडतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट, आणि थांबण्याचे अंतरही चौपट. चांगल्या कोरड्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरला ब्रेक लागल्यावर मोटार सुमारे २० मीटरवर थांबते. १२० ला सुमारे ८० मीटर लागतात. शिवाय धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात ३३ मीटर मागे पडलेले असतात!

अवंती वजनाने जड, मग ती उशिरा थांबेल काय? नाही. वजन वाढले की ऊर्जा वाढते, पण रस्त्याशी होणारे घर्षणही त्याच प्रमाणात वाढते. टायर आणि ब्रेक सारखेच चांगले असतील, तर दोघी जवळपास एकाच अंतरावर थांबतील. रस्ता ओला झाला, की दोघींनाही अंतर जास्त लागेल.

१ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ याच महामार्गावर बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी दगावले. प्रत्येक अपघाताची कारणे वेगळी असतात. पण वेगाच्या वर्गाचा नियम कोणालाच सूट देत नाही.

करून पाहा: शिक्षकांच्या देखरेखीखाली, मोकळ्या मैदानावर सायकलने १० मीटर अंतर आधी ४ सेकंदांत, मग २ सेकंदांत कापा. दोन्ही वेळा त्याच रेषेवर सारख्याच जोराने ब्रेक दाबा आणि थांबण्याचे अंतर मोजा. दुसरे अंतर पहिल्याच्या किती पट भरले?